दयेलाहि विवेक हवा

मोठ्या माशानें लहानास गिळणें हा मत्स्यन्याय आपण शाळेंत शिकलों. परंतु परका मासा देशी माशांचें घरच बळकावतो, हें आपल्या नद्यांनीं पुढें पाहिलें. १९५२ सालीं अन्नवृद्धीच्या सद्धेतूनें आफ्रिकेंतील तिलापिया भारतांत आणला गेला. त्याची मादी अंडीं व पिलें तोंडांत सांभाळते. त्यामुळें प्रजा झपाट्यानें वाढते. उजनीच्या जलाशयांत ही 'चिलापी' आज मुबलक आहे. आफ्रिकी मांगुराच्या पालनावर तर २००० सालीं केंद्र सरकारला बंदी घालावी लागली.

गेल्या महिन्यांत आमच्या नेसरीच्या घरीं काचेच्या पेटींतील एक मासा पेटीस पुरेनासा झाला. हा दक्षिण अमेरिकेचा, दगडावरील शेवाळ खरवडून खाणारा, अंगावर कठीण कवच असलेला. धाकटा नातू म्हणाला, "आजोबा, ह्याला घटप्रभेंत सोडूं; पुण्य लागेल." सूनबाईंनाहि तें पटलें.

मीं त्यास शतपथब्राह्मणांतील कथा सांगितली. मासा वाढला तसा मनूनें त्यास कुंभांतून खड्ड्यांत व शेवटीं समुद्रांत नेलें. पण समुद्र हें त्या माशाचेंच घर. घटप्रभा ह्याचें घर नव्हे.

"मग ह्याला मरूं द्यायचें?"

"नाहीं, बाळ; मोठी पेटी आणूं."

पेटी माझ्या पेन्शनींतून आली. एकास अभय देतांना सहस्रांचा घांस हिरावणें हें पुण्य नव्हे. पाहुण्याचा भार यजमानानेंच वाहावा. तो नदीवर टाकूं नये.