बी आमचं, माती बादलीतली

फेब्रुवारी लागला की आम्ही गच्चीवर वांगी-मिरचीचं रोप टाकतो. जमीन म्हणाल तर रंगाच्या रिकाम्या बादल्या, तळाला खिळ्याने पाडलेली भोकं. आमच्या आजीने जन्मभर दुसऱ्याच्या रानात रोपं लावली. बी निवडायचं तिने, राखेत घोळून गाडग्यात ठेवायचं तिने, आणि पीक मालकाच्या वाड्यात!

गेल्या वर्षी आमची पहिली खेप मेली. वांग्याचं बी आठवड्यात उगवलं, मिरचीचं दहा दिवसांनी. आनंदाच्या भरात आम्ही सकाळ-संध्याकाळ पाणी ओतलं. रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. आजी असती तर हसली असती. दुसऱ्या खेपेला मातीत वाळू वाढवली, बी जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल टाकलं, वरचा थर सुकल्याशिवाय पाणी दिलं नाही. ती तगली.

गच्चीवरच्या बागेचं वेड हल्ली बऱ्याच लोकांना लागलंय. त्यांना लगेच 'स्वयंपूर्ण खेडं' आठवतं. मित्रांनो, त्या खेड्यात महारवाडा कुठे होता? बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत या ग्रामप्रेमाची सालटी काढली आहेत. त्याच्याही आधी, 1928 साली, त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, कारण वतनाच्या तुकड्यापायी अख्खा समाज वेठीला बांधलेला होता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 ला भूमिहीन तुरुंगात गेले ते जमिनीसाठी, कुंडीसाठी नव्हे. कुणी कार्यकर्ता गच्चीवर मिरच्या लावून गायरानाचा मोर्चा चुकवत असेल, तर त्याला आधी खाली बोलवा.

बियाण्याची गोष्ट मात्र वेगळी. संकरित पाकिटातून आलेल्या फळाचं बी पुढच्या वर्षी तसंच निघत नाही, म्हणून दरवर्षी दुकानाची पायरी चढायची. देशी वाणाचं बी घरी धरता येतं. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, दुसऱ्याला देण्याचा हक्क दिला आहे, ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही एवढंच. हा हक्क आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

आम्ही दोन वांगी झाडावरच पिवळी होऊ देतो. बी धुऊन सावलीत सुकवतो. रोपं 14 एप्रिलच्या आधी वस्तीत वाटतो. गेल्या वर्षी सात घरांत गेली. त्यातल्या एका घरातल्या मावशींनी यंदा जानेवारीत कागदाच्या पुडीत बी आणून दिलं. या हंगामातलं वांग्याचं रोप त्यांच्याच बियाण्याचं आहे.