मोठा आवाज

माझ्या आत्याबाईंना उत्तम ऐकू येते. हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. आपटा स्टेशनात गाडी शिरली की ओसरीवर बसल्या बसल्या त्या सांगतात, "मालगाडी आहे." वय वर्षे शहाऐंशी.

गेल्या मार्गशीर्षात परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या चार मुली घरोघर पाहणी करीत आमच्याकडे आल्या. पांढरेशुभ्र पोशाख, हातात वह्या, रक्तदाब मोजण्याचे यंत्र. "आजीऽऽ, हात पुढे करा हं! शहाण्या ना तुम्ही?" एकीने हे इतक्या मोठ्याने म्हटले की अंगणातले कुत्रे उठून गेले. दुसरीने मला विचारले, "काका, आजींना झोप लागते का?" आत्याबाई हातभर अंतरावर बसलेल्या, तरी उत्तरे मीच दिली. खरे सांगायचे तर, चौसष्टाव्या वर्षी आपल्याला कोणी 'काका' म्हणून कर्त्यांत गणले, याचा मला आनंदच झाला होता.

मुली गेल्यावर आत्याबाई एवढेच म्हणाल्या, "माझी झोप तुला कशी रे ठाऊक? तू तर माडीवर निजतोस."

मुलींना बोल लावणे सोपे आहे. पण शिक्षण घेताना त्यांना म्हातारे माणूस बहुधा प्रथम दिसते ते इस्पितळाच्या खाटेवर, कण्हताना. धडधाकट म्हातारी, ओसरीवर वाल सोलणारी, त्यांना कोण दाखवणार? त्यांच्या मनात तिटकारा नव्हता, माया होती. आणि मायेला प्रश्न विचारण्याची गरज वाटत नाही. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढले आणि पुढे तिथल्या मुली ससून इस्पितळात शुश्रूषा शिकू लागल्या, तेव्हा परक्या रोग्याच्या अंगाला हात लावणे हेच पांढरपेशा घरांना हलके वाटे. ती अढी आता पुष्कळशी गेली. हात लावायला मुली शिकल्या. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक भरली. एवढ्यांशी बोलायचे कसे, हे मात्र वर्गात शिकवून येईल की नाही, मला शंका आहे. मला तरी घरात राहून आले नव्हते.

आठ दिवसांनी त्या चौघींतली अबोल मुलगी एकटीच आली. वहीतला एक रकाना कोरा राहिला होता म्हणे. ती पायरीवर टेकली, वाल सोलू लागली आणि हळूच म्हणाली, "आजी, तुम्हांला कसला त्रास वाटतो?"

आत्याबाई बराच वेळ बोलल्या. रात्री मागील दारी अंधारात पडण्याची भीती वाटते. म्हणून दिवेलागणीनंतर त्या पाण्याचा थेंब घेत नाहीत. घसा कोरडा पडतो, पायांत गोळे येतात, पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. सहा वर्षे मी त्या घरात राहत होतो.

मुलीने लिहून घेतले आणि माझ्याकडे वळून विचारले, "मागील दारी दिवा नाही का?"

दुसऱ्याच दिवशी मी पनवेलहून दिवा आणला आणि तो कोठे लावू, म्हणून आत्याबाईंना विचारले.

"जरा हळू बोल," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येते."