अंधार मागणारं बी

बियांच्या पाकिटावर ऊन किती, पाणी किती, हे लिहिलेलं असतं. लार्कस्परच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत अंधार लिहिला होता. थंडी आणि अंधार, उगवेपर्यंत.

माळीकाकांना वाचून दाखवलं तर ते हसले. "ताई, अंधारात कुठं फुलझाड येतंय?"

"उगवेपर्यंतच म्हणतायत काका. नंतर ऊन."

"मग गोणपाट टाका की वाफ्यावर. कोंब दिसला की काढायचं." विषय संपला.

थंडीचं मला पटतं. भूमध्य समुद्राकडचं हे झाड. तिकडे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत, तेव्हा तापल्या मातीत गप्प पडून राहण्यातच शहाणपण. माती 15 अंशांच्या आसपास उतरली की बी हलतं. पुण्यात म्हणूनच ऑक्टोबर हीटमध्ये उतावीळपणा चालत नाही. दसऱ्याला झेंडू, दिवाळीला शेवंती, आणि रात्री पंखा बंद करावा लागला की लार्कस्पर, असं माझं पंचांग आहे. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी बी ओल्या कागदात गुंडाळून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवावं. फक्त डबीवर नाव लिहा, तेही ठळक. हे काळं, खडबडीत बी कलौंजीच्या इतकं जवळ जातं की घरात कोणाला नानची हौस असेल तर पंचाईत. दोघं एकाच कुळातली. पण त्याच कुळात बचनागही आहे, आणि लार्कस्पर स्वभावाने बचनागाकडचा. अमेरिकेत पश्चिमेकडच्या कुरणांत रानटी लार्कस्पर खाऊन गुरं दगावतात.

उगवल्यावर त्याला हलवायचं नाही. सोटमूळ सरळ खाली जातं आणि ते दुखावलं की झाड रुसतं. त्यामुळे नर्सरीत काळ्या पिशवीत मिळणारी रोपं मी घेत नाही. जिथे फुलायचा तिथेच पेरायचा आणि मग विरळणी करायची. विरळणी काका करतात. दोन रोपांत वीतभर अंतर मोजतात आणि मधलं सगळं निर्विकारपणे उपटतात. मी त्या वेळी चहा टाकायला आत जाते. पुढे झाड कमरेच्या वर गेलं की आधाराला तुराट्या. प्लास्टिकच्या हिरव्या काठ्यांपेक्षा त्या कितीतरी बऱ्या, दिसायलाही आणि हाताला लागायलाही.

गुलाबी, पांढरा, दुहेरी पाकळ्यांचा, असे पुष्कळ प्रकार मिळतात. मला एकेरी निळाच आवडतो. त्याचं एक फूल तोडून हातात घ्या. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती पाच निळी दलं खरं तर निदलं आहेत. त्यांतलं वरचं मागे निमुळतं होत जाऊन त्याची पोकळ नळी झालेली असते. खऱ्या पाकळ्या मधे, एकमेकींना जुळलेल्या, आणि त्यांचीही एक नळी त्या बाहेरच्या नळीत शिरलेली. मध तिच्या पार टोकाला. ज्या माशीची जीभ लांब तिलाच तो मिळायचा. हा निळा रंग ज्या द्रव्याचा, त्याला डेल्फिनिडिन म्हणतात. याच गोत्राच्या फुलांतून रिचर्ड विलश्टेटर यांनी ते वेगळं काढलं. वनस्पतींच्या रंगांवरच्या कामासाठी त्यांना 1915 चं नोबेल मिळालं. तेच द्रव्य वांग्याच्या सालीत आहे, जांभळात आहे. भरल्या वांग्यांच्या पातेल्यात त्याचं काय होतं ते आपण रोज पाहतो.

वाळवलेल्या लार्कस्परचा रंग मात्र टिकतो. खालची फुलं उमललेली आणि शेंड्याच्या कळ्या अजून मिटलेल्या असताना दांडा कापायचा आणि सावलीत उलटा टांगायचा. किती टिकतो, हे पाहायला इजिप्तला जावं लागेल. 1881 साली लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम काठावर, देर अल बहरीच्या डोंगरात एका खोल विवराच्या तळाशी राजेराण्यांच्या ममी सापडल्या, पन्नासच्या आसपास. थडगी लुटली जात होती म्हणून पुरोहितांनी कधी काळी त्यांना गोळा करून तिथे दडवलं होतं. सरकारला पत्ता लागण्याआधी जवळच्या गावातल्या एका कुटुंबाला ती जागा सापडली होती. बँकेतली ठेव मोडावी तशी ही मंडळी गरजेपुरती एकेक वस्तू बाहेर काढत आणि विकत. मग सरकारची माणसं आली, विवर घाईघाईने रिकामं झालं आणि पेट्या बोटीतून कैरोकडे निघाल्या. काठावरच्या गावांतल्या बायका केस मोकळे सोडून, आक्रोश करत बोटीबरोबर चालत राहिल्या, असं त्या काळचे पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गास्ताँ मास्पेरो सांगतात. इतक्या शतकांच्या मयताला रडायला माणसं मिळाली.

त्या राजांत अहमोस पहिला होता, परक्या हिक्सोस राज्यकर्त्यांना इजिप्तबाहेर हाकलणारा. त्याच्या गळ्यात फिकट निळ्या फुलांचा हार. गेओर्ग श्वाइनफुर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथले वाळके हार ओलावून, एकेक फूल उलगडून ओळखलं. अहमोसचं फूल आपल्या लार्कस्परचा सख्खा भाऊ निघालं, त्याच्यासारखंच एका हंगामाचं. राज्यं गेली, भाषा गेली, आणि सुमारे 3,000 वर्षांनंतर निळा रंग जागेवर होता. इतर हारांत करडई निघाली, बाभळीची फुलं निघाली, कमळाच्या पाकळ्या निघाल्या. सोलापूरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याने ते हार पुस्तक न उघडता ओळखले असते. अशी फुलं हंगामही सांगून जातात. तुतनखामुनला मार्च-एप्रिलच्या सुमारास पुरलं असावं, हे त्याच्या पेटीतल्या फुलांवरूनच ठरवलं गेलं. आणि अमेनहोतेप पहिल्याच्या पेटीत फुलांबरोबर एक गांधीलमाशी मिळाली. हारावर येऊन बसली असेल आणि वरून झाकण लागलं असेल. एवढ्या राजांमध्ये माझ्या लक्षात राहिली ती तीच. राजांना निदान तयारी करायला सवड मिळाली होती.

आपल्याकडे या फुलाचा नातेवाईक नाही असं समजू नका. पाऊस ओसरला की सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर निळवंती फुलते. ती डेल्फिनियम, म्हणजे लार्कस्परच्याच गोत्रातली, आणि पश्चिम घाट सोडून जगात दुसरीकडे रानात सापडत नाही. गवत पिवळं पडू लागलेलं असतं, त्यातून तिचा तुरा वर येतो. आमच्या वाफ्यातल्या लार्कस्परइतका भरगच्च नाही, फुलांत अंतर राखून असलेला, आणि मला विचाराल तर त्यामुळेच देखणा. शिवाय ती एका वर्षात आटोपत नाही. फूल गेलं, पान वाळलं, तरी गाठाळ मुळं जमिनीत राहतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात. म्हणूनच तिला मुळासकट उपटणं म्हणजे पुढची सगळी वर्षं उपटणं. गडावरून परतताना पिशवीतून डोकावणारे निळे तुरे मी पाहिले आहेत. ते घरी पोचेपर्यंत माना टाकतात.

तेव्हा निळवंतीचा फोटो काढा आणि तिला तिथेच राहू द्या. बागेसाठी पाकिटातला लार्कस्पर आहे. तो घेताना मागची तारीख तेवढी बघून घ्या, कारण जुनं बी फारसं उगवत नाही.