पालकाची खुर्ची

(बी.ए. भाग २)

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की आमच्या घरी सर्वांत आधी पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली उतरते. वर्षातले दहा महिने ती आश्रमशाळेत राहते, म्हणजे घरात ती पाहुणीच. आई ती अंगणात उघडते, उन्हात ठेवते, ओल्या फडक्याने पुसते. आत मागच्या वर्षीचा साबणाचा तुकडा आणि एखादी फाटकी वही हमखास सापडते. पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने माझे नाव होते. २०२२ मध्ये मी दहावी होऊन बाहेर पडलो आणि धाकटी बहीण पाचवीसाठी त्याच शाळेत गेली. तेव्हा मी विळ्याने माझे नाव खरवडले आणि तिचे लिहिले. आडनाव तसेच राहू दिले. तेवढाच रंग वाचला!

पुण्या-मुंबईकडच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. आमच्या विदर्भात ऊन लवकर हटत नाही म्हणून शाळेची घंटा आठवडा-दोन आठवडे उशिरा वाजते. पण नेमका तोच आठवडा शेतात पऱ्हे टाकण्याचा असतो. पहिला पाऊस पडून गेलेला, बांधी ओली झालेली, नांगराला एक दिवसही उसंत नाही. "सरकारने ऊन पाहिले, पऱ्हे नाही पाहिले," असे बाबा दरवर्षी म्हणतात, आणि दरवर्षी एक दिवस मोडून पोराला शाळेत पोहोचवतात. आमच्याकडे मुलाला शाळेत धाडण्याचा हिशेब असा असतो. मे महिन्यात घरची सगळी माणसे पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पाने तोडतात. दुपारी अंगणात बसून ७० पानांचा एक असे पुडे बांधतात, संध्याकाळी ते फळीवर नेतात. त्या पैशातून आधी बियाणे, मग उधारी, आणि उरले तर चपला, दप्तर, पेटीला नवे कुलूप. मी पाचवीत गेलो त्या वर्षी कुलूप उरले नव्हते. आईने कडीला तार गुंडाळून दिली.

शाळेत आमचे पहिले स्वागत मात्र मोठे झोकात झाले होते, हे सांगितले पाहिजे. २०१२ साली आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत एक नवे गुरुजी आले होते. पहिलीला नाव घालायची आम्ही सात पोरे. गुरुजींनी गावातली एक बैलगाडी मागून घेतली, तिला आंब्याचे डहाळे बांधले आणि आम्हा सात जणांना तिच्यात बसवून गावातून मिरवले. पुढे एक ढोल. मी रडत होतो, कारण लग्नाखेरीज इतका ढोल मी ऐकला नव्हता आणि आपले लग्न लागते आहे अशी माझी समजूत झाली होती. पण गुरुजींचे खरे काम त्याच्या आधीच झाले होते. पंधरा दिवस ते रोज संध्याकाळी घरोघर फिरले, कुठे खाटेवर तर कुठे जमिनीवर बसले, आंबील दिली ती प्यायले. आमच्या घरी गोंडी बोलतात. गुरुजी वऱ्हाडकडचे, त्यांना गोंडीचा गंधही नव्हता. त्यांनी खिशातल्या डायरीत पंधरा-वीस शब्द उतरवून घेतले आणि ते सगळे चुकीचे उच्चारत गावभर फिरले. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आईसुद्धा हसली. ज्या माणसाला आपण हसलो त्याची भीती उरत नाही, म्हणूनच असेल, पण पहिल्या दिवशी शाळेच्या पडवीत पोरांपेक्षा बायाच जास्त जमल्या होत्या. हे दृश्य आमच्या गावात नवे होते. बाबांच्या लहानपणी पटनोंदणीचे मास्तर गावात शिरले की पोरे मोहाच्या झाडांमागे दडत आणि आयाच त्यांना दडायला सांगत.

मराठी मी त्या शाळेत ऐकली. हजेरी घेताना मुले 'हजर' म्हणत. तो गुरुजींना करायचा नमस्कार असावा असे मला वाटे. पुढे कितीतरी दिवस ते वाटेत भेटले की मी हात जोडून "हजर" म्हणत असे. ते हसून "हजर, हजर" म्हणत पुढे जात. तीन वर्षांनी त्यांची बदली झाली.

चौथीनंतर गावात शाळा नाही. जून २०१६ मध्ये बाबा मला आश्रमशाळेत घेऊन गेले. शाळेचे नाव इथे देत नाही. त्याने काही साधणार नाही. पहाटे निघालो. नाल्यात गुडघाभर पाणी, बाबांच्या डोक्यावर पेटी, माझ्या हातात चपला. मग एस.टी. शाळेच्या फाटकाला तोरण होते आणि रंगीत कागदावर 'पालकांचे सहर्ष स्वागत' असे लिहिले होते. मी ते बाबांना वाचून दाखवले. "म्हणजे आपले?" त्यांनी विचारले. मी "हो" म्हणालो.

आम्ही साडेनऊला पोहोचलो. तीन वाजेपर्यंत बाबा कार्यालयाच्या बाहेर कडुलिंबाखाली उभे होते. बसायला कोणी मनाई केली नव्हती, पण बसायला कोणी सांगितलेही नव्हते. आपण बसलो आणि तेवढ्यात नाव पुकारले तर, अशी त्यांना धास्ती. शेवटी आत बोलावले. टेबलामागच्या बाबूंनी कागद भरला, मान वर न करता शाईची गादी पुढे सरकवली आणि बोट दाखवले. बाबा म्हणाले, "हो जी." त्यांनी अंगठा उमटवला, टेबलाच्या कडेला लागलेला शाईचा डाग उपरण्याने पुसला आणि आम्ही बाहेर आलो.

आता जे लिहितो आहे ते मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. बाबांना सही येते. ते दुसरीपर्यंत शिकले आहेत. ग्रामसभेच्या रजिस्टरात त्यांची सही आहे, वाकडीतिकडी पण पूर्ण नावाची. ती मी आठवीत असताना पाहिली आणि घरी येऊन विचारले, "मग तुम्ही माझ्या शाळेत अंगठा का लावला?" बाबा दोर वळत होते. म्हणाले, "त्यांनी गादी पुढे केली. पेन नाही केला."

त्याच वर्षी, मार्च २०२० मध्ये, शाळा बंद झाली. आमच्या गावात मोबाईलला रेंज नाही. एका टेकाडावर चढले की दोन काड्या यायच्या, तिथे आम्ही तिघे मुले जाऊन बसायचो. अभ्यास फार झाला नाही, पण टेकाडाची वाट मात्र पक्की झाली. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा दारात फुलांऐवजी कपाळासमोर धरायचे तापमापक होते, आणि हजेरीत आमच्या वर्गातली चार नावे पुकारून झाली तरी 'हजर' आले नाही. दोघे घरच्यांबरोबर मिरची तोडायला तेलंगणात गेले होते, ते तिकडचेच झाले. एकीचे लग्न झाले होते. चौथ्याचे कोणालाच सांगता आले नाही. असो.

गेल्या जूनमध्ये पाऊस वेळेवर आला. बैलजोडी दुसऱ्याची, ती मिळाली तो दिवस सोडता येत नव्हता. बाबा मला म्हणाले, "या वेळी तूच ने तिला. तू तर शिकलेला आहेस." बहीण आठवीत जायची होती. मी कॉलेजला घालतो तो शर्ट-पँट घातला, पाठीवर बॅग घेतली आणि पेटी खांद्यावर. फाटकाशी आलो तर तेच तोरण, तोच मजकूर, कागद तेवढा नवा. मुली कुंकवाचे ताट घेऊन उभ्या होत्या. पडवीत भिंतीला टेकून पंधरा-वीस आईबाप उकिडवे बसले होते. मी दाराशी गेलो. आतल्या बाबूंनी मान वर केली आणि म्हणाले, "या सर, बसा ना."

सर! मागे दुसरे कोणी आहे का हे मी वळून पाहिले. कामाठ्याने खुर्ची ओढून दिली. मी प्रकल्प कार्यालयातून आलो असेन असे बहुधा त्यांना वाटले. मी बहिणीला पोहोचवायला आलो आहे, असे सांगितले. तरी त्यांनी खुर्ची काढून घेतली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. "कॉलेजात आहात? वा!" म्हणाले आणि चहा मागवला. वर पंखा फिरत होता. खरे सांगायचे तर मला फार बरे वाटले. आपण शिकलो ते याच खुर्चीसाठी, असेही मनात येऊन गेले.

तेवढ्यात एक म्हातारी सात-आठ वर्षांच्या नातवाला घेऊन दाराशी आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. तिने आत सगळ्यांकडे पाहिले आणि माझ्यावर नजर थांबवली. आमच्या माणसाला आमचा माणूस ओळखू येतो. तिने मला गोंडीत विचारले, "बाबू, या पोराचे नाव कुठे घालायचे?"

मी तिला मराठीत उत्तर दिले. म्हणालो, "आजी, थांबा. बोलावतील."

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. गोंडीत बोललो असतो तर समोरच्यांनी मला खुर्चीतून उठवले नसते. पण त्या क्षणी मला तसे वाटले खरे. म्हातारीला मराठी येत नव्हती. पण 'थांबा' एवढा शब्द आमच्याकडे प्रत्येकाला कळतो. ती थांबली. दारापासून दोन पावले मागे सरकून उभी राहिली, बाबा उभे राहायचे तशीच.

माझ्या बहिणीने हे पाहिले. ती काही बोलली नाही. बाहेर जाऊन म्हातारीजवळ उकिडवी बसली, गोंडीत दोन-चार गोष्टी बोलली, पिशवीतले कागद क्रमाने लावले आणि तिला हाताला धरून सरळ टेबलापाशी घेऊन आली. "सर, हिचा नातू आहे. आईवडील तेलंगणात कामाला आहेत. हा जन्माचा दाखला, हे आधार. बँकेचे पासबुक नाही काढलेले." बाबू म्हणाले, "अगं, मग सांगायचं ना! केव्हाची उभी आहे ती." आणि त्यांनी दहा मिनिटांत ते काम केले. माणूस वाईट नव्हता. त्या दिवशी त्यांच्यापुढे शंभरेक अर्ज होते आणि गोंडी येणारे त्या खोलीत तिघेच होते. त्यांतली एक म्हातारी, एक तेरा वर्षांची मुलगी आणि तिसरा मी.

राज्यशास्त्राच्या तासाला आपण कलम ३५०अ शिकतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी राज्याने करायच्या, अशी ती १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेली तरतूद. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्य तेथवर मातृभाषा असे म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर भरले, पण आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. आपल्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण विभागाने तिला अनधिकृत ठरवले आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. हे सगळे मी परीक्षेत लिहू शकतो. आपल्या विद्यापीठाच्या नावातच गोंडवाना आहे, असे एक वाक्य शेवटी टाकले तर गुणही बरे पडतील. म्हातारीला हवे होते ते एका वाक्याचे उत्तर, आणि ते मला येत होते.

मराठीचा मला राग नाही. ती मी कष्टाने मिळवली आहे आणि हा लेख तिच्यातच लिहितो आहे. गोंडीत मी आजवर एक पत्रसुद्धा लिहिलेले नाही.

बहिणीच्या अर्जाची पाळी आली तेव्हा बाबूंनी खिशाचा पेन काढून टोपण उघडून माझ्या हातात दिला. 'पालकाची सही' असे छापले होते. मी सही केली. निघताना बहिणीला दहा-दहाच्या पाच नोटा दिल्या. तिने त्या पेटीत कपड्यांखाली ठेवल्या आणि म्हणाली, "दादा, ती आजी फाटकाशी बसली आहे. तिला गाडी कुठे मिळते ते सांगशील?"

मी सांगितले. आम्ही एकाच एस.टी.ने निघालो. तिचे गाव माझ्या गावाच्या दोन थांबे पुढे. वाटभर ती नातवाबद्दल बोलत होती, तो रात्री दचकतो, त्याला कुशीला कोणीतरी लागते. मी गोंडीत "हो, हो" म्हणत होतो. सकाळचे तिने काही काढले नाही.

घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. बाबा पायांचा चिखल धूत होते. पऱ्हे टाकून झाले होते.

"बसायला दिले?" त्यांनी विचारले.

"हो. खुर्ची दिली."

"चहा?"

"चहा पण."

ते खूश झाले. आईला हाक मारून त्यांनी ते सांगितले. मग पाय पुसत पुसत म्हणाले, "आणि सही?"

"केली."

"पेन तुझा होता की त्यांचा?"

"त्यांचा. त्यांनीच काढून दिला."

"बरे झाले," बाबा म्हणाले आणि जेवायला बसले. म्हातारीचे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.