अण्णांची पद्मिनी



चातुर्मासातल्या भाज्यांवर लिहायचं कबूल केलं होतं, ते राहिलंय. कारण माझ्या नखांत बसलंय. गेल्या रविवारी बस्तीत गंध उगाळायला बसले, तर शेजारच्या काकूंनी माझी बोटं बघून विचारलं, "हे काय ग, मेंदी उतरतीय का?" मी म्हटलं, "नाही काकू, इंजिन ऑइल आहे." त्यांनी सहाण हळूच स्वतःकडे ओढून घेतली!

तर आज इंजिनाबद्दल.

आमच्या अण्णांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी जयसिंगपूरच्या घरामागच्या शेडमध्ये वीस-बावीस वर्षं उभी होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी अशी गाडी माहेरी पाहिली असेल. आपण तिला फियाटच म्हणायचो. मूळची इटलीची फियाट ११००, ती मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनी बनवायची, आणि ती कंपनी काढली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, १९४४ साली. अण्णा गाडी पुसताना प्रत्येक पाहुण्याला हे सांगत. आपल्या माणसाची गाडी, असं.

आई गेल्यानंतर पुण्याहून भाऊ आला तेव्हा म्हणाला, "अण्णा, ती भंगारात देऊन टाकू, जागा तरी मोकळी होईल." अण्णा काही बोलले नाहीत. त्यांचे हात आता थरथरतात, चहाचा कप बशीत वाजतो. रात्री मला म्हणाले, "एकदा इंजिन उघडून बघायचं होतं मला." मी म्हणून गेले, "मी उघडते, तुम्ही सांगा." पन्नाशीची बाई, आयुष्यात शिवणयंत्रापलीकडे काही उघडलेलं नाही. पण शब्द गेला तो गेला. सांगलीहून दर रविवारी सकाळी पूजा आटोपून जायचं आणि दिवस मावळायच्या आत जेवून परत यायचं, असं ठरलं.

पहिले तीन आठवडे तर कामच सुरू झालं नाही. एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आत उंदरीण व्यालेली. गुलाबी, डोळे मिटलेली पाच पिल्लं. मिस्त्री म्हणाले, "ताई, सुपलीत घेऊन टाकतो बाहेर." मी झाकण तसंच परत ठेवलं. अण्णा म्हणाले, "वीस वर्षं थांबलीय गाडी, अजून वीस दिवस थांबेल." पिल्लं हिंडू-फिरू लागली आणि एका रविवारी घरटं रिकामं दिसलं, तेव्हा हत्यारं काढली.

इतकी वर्षं उभं राहिलेलं इंजिन जाम होतं. पिस्टन सिलिंडरला गंजानं धरून बसतात. प्लग काढून त्या भोकांतून तेल सोडायचं आणि आठवडाभर वाट बघायची. जोर करायचा नाही. पुढच्या रविवारी पुलीच्या नटला पाना लावला आणि अंगाचा भार दिला, तर केसभर हललं. अण्णा स्टुलावर बसून होते, ते उभेच राहिले.

मग मिस्त्रींनी चेनब्लॉक लावून इंजिन खाली उतरवून दिलं आणि ते गेले. पुढचं आमचं. हात माझे, डोकं अण्णांचं. अण्णांचा पहिला नियम असा, की काढलेली वस्तू कुठली होती हे लिहिल्याशिवाय खाली ठेवायची नाही. दिवाळीच्या फराळाचे सगळे डबे मी माहेरी नेले. चकलीच्या डब्यात वॉटर पंपाचे बोल्ट, शंकरपाळ्यांच्या डब्यात संपचे. वाल्व उघडणाऱ्या आठ पुशरॉड असतात. दिसायला सारख्या, पण प्रत्येक आपापल्या जागी घासून बसलेली, म्हणून अदलाबदल चालत नाही. बुटाच्या खोक्याला आठ भोकं पाडून त्या ओळीनं उभ्या केल्या. बेअरिंगच्या कॅपचंही तसंच. सासरी आल्यावर कुणाची वाटी कुठली हे शिकले होते, त्यापेक्षा हे सोपं वाटलं मला.

आणि मग सिलिंडर हेड.

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन्हींच्या मध्ये गॅस्केट. इंजिन फार तापलं तर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त पसरतं, पण नटांनी आवळलेलं असल्यामुळे जागा मिळत नाही, आणि ते वाकतं. हेड उचललं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर गॅस्केट जळून गेलेलं. अण्णांनी हेड उलटं ठेवायला लावलं, त्यावर सरळ पोलादी पट्टी धरायला सांगितली आणि पट्टीखाली फीलर गेजची पाती एकेक सरकवायला. टोकांना पातळ पातही जाईना. मधोमध जाड पात सहज गेली.

"हे त्या स्तवनिधीचं," अण्णा म्हणाले. "त्या ड्रायव्हरनं पाणी बघितलं नाही. नंतर गॅस्केट बदललं, पण गाडी कधी सुधारली नाही."

मैत्रिणींनो, पात माझ्या हातात होती.

मे १९९६. आई आणि आत्या चार दिवस स्तवनिधीला राहायला गेल्या होत्या, त्यांना आणायला ड्रायव्हरकाकांबरोबर मी निघाले. मी नुकती गाडी शिकलेली. निपाणी ओलांडल्यावर हट्टानं स्टिअरिंग मागितलं. तवंदी घाट लागायच्या आधी काका म्हणाले, "ताई, गाडी तापलीय. जरा दम खाऊ दे तिला." मी म्हटलं, आता काय, आलंच की. अर्ध्या चढात बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. तरी मी पहिल्या गिअरमध्ये रेटत राहिले. चढावर थांबले तर पुन्हा गाडी उचलता येणार नाही, याचीच भीती जास्त. बंद पडल्यावर काका ओरडत होते, "अर्धा तास हात लावू नका!" मी ओल्या टॉवेलनं झाकण उघडलं आणि कॅनमधलं सगळं गार पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. आतून कड् असा आवाज आला होता. तो मला अजून ऐकू येतो.

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं काकांना. मला विचारलंच नाही. काका म्हणाले, "माझं लक्ष राहिलं नाही, मालक." मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तेव्हा माझं लग्नाचं बोलणं चाललं होतं, म्हणून गप्प बसले असं मी स्वतःला पुढे बरीच वर्षं सांगत आले. महिनाभरात अण्णांनी काकांना कामावरून काढलं. दहा वर्षं होते ते आमच्याकडे.

आणि त्यानंतर दरवर्षी, दशलक्षण संपल्यावर, क्षमावाणीच्या दिवशी मी अण्णांच्या पाया पडत आले. काय म्हणत होते? "कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा." असेल तर! वाकलेलं हेड समोर असताना 'असेल तर' म्हणता येत नाही. मी सगळं सांगितलं. पट्टी धरलेल्या हातानंच सांगितलं.

अण्णा बराच वेळ हेडकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फीलर पुसून ठेव. गंजेल."

पुढचे दोन रविवार ते माझ्याशी इंजिनापुरतंच बोलले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ब्लॉक, क्रँक आणि हेड घेऊन गेलो. ज्यांनी उद्यमनगर आतून पाहिलं नसेल त्यांनी एकदा पाहावं. एका गल्लीत बोअरिंग, दुसरीत क्रँक ग्राइंडिंग, कोपऱ्यावर चहा. या गाडीचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर. चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. आमचे सिलिंडर झिजून वर रुंद आणि खाली अरुंद झालेले, म्हणून ते अर्धा मिलिमीटर मोठे करून त्या मापाचे पिस्टन घातले. हेडचा वाकलेला तळ घासून सपाट करून दिला. "वाचलं, तडा नाही," तिथले मिस्त्री म्हणाले. खर्च किती आला ते विचारू नका. आमच्या ह्यांनीही विचारलेलं नाही, शहाणे आहेत.

सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे वाल्व घासणं. वाल्वच्या कडेला खरखरीत पेस्ट लावायची, रबरी शोषकाची काठी चिकटवायची आणि दोन तळहातांत रवीसारखी फिरवायची. आधी खर्रखर्र आवाज येतो. मग तो हळूहळू मऊ होतो, आणि कडेला सगळीकडून सारखी करडी रेघ उमटते. गंध उगाळताना कसं, सहाणेचा आवाज बदलला की गंध झालं हे न बघता कळतं, अगदी तसं. आठ वाल्वना दोन रविवार लागले. अण्णा त्या दिवशी डोळे मिटून ऐकत होते. पाचव्याला म्हणाले, "अजून नाही झाला."

बांधताना मी गोंधळ घातलाच. एका कनेक्टिंग रॉडची कॅप उलटी बसवली. नट आवळले तर क्रँक फिरेना. जोर करणार होते, अण्णांनी हात वर केला. सगळं सोडून पाहिलं तर कॅपवरचा आकडा भलत्याच बाजूला. एक शेल बेअरिंग गेलं त्यात, नवीन आणावं लागलं. हेडचे नट मात्र मला पहिल्यांदाच जमले. मधून सुरू करून कडेला जायचं, एकदम नाही, तीन फेऱ्यांत थोडं थोडं. पुरणपोळी लाटताना जसं पुरण मधून कडेपर्यंत नेतो.

फाल्गुनात इंजिन गाडीत बसलं. आधी प्लग काढून नुसतं फिरवलं, तेल वरपर्यंत चढेपर्यंत. मग पेट्रोल. किल्ली फिरवली तर कार्बोरेटरमधून फाट् करून भडका! मी दोन पावलं मागे. अण्णा हसायला लागले. आई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "पहिल्याची ठिणगी चौथ्याला दिलीस तू." पहिला आणि चौथा पिस्टन बरोबरच वर येतात, आणि नवशिके हमखास तिथे फसतात म्हणे. डिस्ट्रिब्यूटर अर्ध्या फेरीनं फिरवून बसवला. एक-तीन-चार-दोन असा या इंजिनाचा ठिणगीचा क्रम, तो मला आता णमोकारानंतरचं पाठांतर झालाय. पुन्हा किल्ली. दोनदा खोकली, आणि चालू झाली. टॅपेटची टकटक, शेडभर निळा धूर, आणि शेजारच्या वाड्यातली सगळी पोरं भिंतीवर.

अण्णा म्हणाले, "पुढच्या रविवारी कागलला जाऊ."

ड्रायव्हरकाकांचं गाव कागलजवळ. पत्ता अण्णांनी कुणाकडून काढला होता, मला न सांगता. नव्यानं बांधलेलं इंजिन जोरात पळवायचं नसतं, म्हणून इचलकरंजीवरून हळूहळू गेलो. पोचेपर्यंत दिवस मावळला. काका सहा वर्षांपूर्वी गेले. काकी अंगणात बसल्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून उठल्या.

मी जे सांगायचं ते सांगितलं. या वेळी 'असेल तर' न म्हणता. काकी ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, "ठावं हाय मला. त्येंनी सांगितलं हुतं. पोरगी ल्हान हाय, म्हनले." मग अण्णांकडे वळल्या. "पर मालक, दहा वर्सं हुते तुमच्याकडं. तुमी एकदा तरी नीट इचारायचं हुतं त्येस्नी."

अण्णांनी थरथरते हात जोडले. काकी आत निघून गेल्या. मला वाटलं आता येत नाहीत. पण आल्या, दोन तांबे घेऊन. आमच्यासमोर पदर दुहेरी करून त्यातून पाणी गाळलं आणि दिलं. "च्या देत न्हाई, दिस बुडलाय. तुमच्यात चालत न्हाई, ठावं हाय." आमच्या चुलीवर दहा वर्षं चहा पिऊन काका हे घरी सांगत असणार.

क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत. आम्हीही पुन्हा मागितली नाही.

परतीच्या वाटेवर अण्णा काचेतून बाहेर बघत होते. इचलकरंजी मागे पडल्यावर म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरच्या टॅपेटचा आवाज जरा जास्त येतोय. पाचशे किलोमीटर झाले की हेडचे नट पुन्हा आवळायचे आहेत, तेव्हा तोही बघ." आज मीटरवर तीनशे नव्वद झालेत. उरलेल्यात अण्णांना पुन्हा एकदा कागलला जायचंय, या वेळी दुपारी, काकींचा चहा घेता येईल अशा वेळेला.