बुडखा

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये म्हणतात. का खाऊ नये, ते म्हण सांगत नाही. ऊस लावणारा सांगतो. मूळ राहिलं तर खोडवा येतो, म्हणजे नवं बेणं न घालता पुढचं पीक. भल्या माणसाचा फायदा उपटू नये, असा अर्थ शाळेत शिकवला, पण मला ही म्हण मुळात रोकड्या हिशेबाची वाटते. त्यातही गोम आहेच. साखर जास्त असते ती बुडख्याकडे. शेंडा पाणचट, वाढे तर जनावरांपुढेच जातात. म्हणून मुकादम ओरडत असतो, जमिनीलगत घाला कोयता, बुडखे ठेवू नका! खोडवाही जमिनीखालच्या डोळ्यांतून फुटलेलाच जोमदार. थोडक्यात, मुळापर्यंत खायचं, मूळ तेवढं सोडायचं. म्हण रचणाऱ्याने कधी फडात कोयता धरला होता का, कोण जाणे.

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात कोयता बुडख्याशी पोचतो तेव्हा कधीकधी पाचटात बिबट्याची पिलं दिसतात. मांजराच्या पिलांएवढी, डोळे जेमतेम उघडलेले, अंगावरचे ठिपके अजून धुरकट. बायका मागे सरतात, तोडणी थांबते. वन विभागाची माणसं रात्री पिलं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि बहुतेकदा आई येऊन एकेक उचलून नेते. मग तोडणी पुढे चालू. कारखान्याला ऊस हवाच असतो.

अधिवास गेला म्हणजे जंगल तुटलं, असं आपलं गणित. इथे काय तुटलं? डिंभे, येडगाव, माणिकडोह ही धरणं झाली, कालव्याचं पाणी आलं, बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने हलत नाही. आत गारवा, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या शेतशिवारात कॅमेरे लावले, तर 100 चौरस किलोमीटरमागे 5 च्या आसपास बिबटे निघाले, तेही चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसं राहतात तिथे. मग बिबट्याचं घर गेलं म्हणायचं की वाढलं? ‘जंगलात नेऊन सोडा’ ही मागणी जुनीच. 2001 नंतर जुन्नरचे बिबटे पकडून लांब सोडलेही, आणि सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले. उसात जन्मलेल्या मादीचं मूळ रान कोणतं, हे ठरवायचं कुणी? ज्या घरातलं लेकरू बिबट्याने नेलं, त्यांच्यापुढे हा प्रश्न काढायची माझी तरी छाती नाही.

आणि घर खरोखर गेलं ते भलत्याचंच असावं. पाणी पोचलं तिथला उघडा माळ नांगराखाली गेला. लांडगा, खोकड, माळढोक यांना मोकळं गवत लागतं, उसाची दाटी चालत नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झालं तेव्हा साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं. 2012 मध्ये ते सव्वा हजारापर्यंत आणलं. बिबट्या दारात येतो म्हणून त्याच्यावर कागद काळे होतात, माझेही. बिबट्याला वाचवा म्हणताना मी जंगल वाचवतोय, माळ की ऊस, हे मला आता नीट सांगता येणार नाही.

एक मागणी मात्र कुठल्याही चिंतनाशिवाय पटते. शेतीपंपाला वीज दिवसा द्या. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसाला पाणी धरायला कुणाला जावं लागू नये.