विज्ञान नुसते पाहायचे की हाताळायचे?

मराठवाड्यात विज्ञान म्हटले की लातूर पॅटर्न आठवतो. सराव परीक्षांच्या जोरावर इथली मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली, हे नाकारायचे कारण नाही. पण विज्ञान म्हणजे चार पर्यायांतला एक गोल काळा करणे, ही समजूतही त्याच वाटेने रुजली. ज्याला क्लासची फी परवडत नाही, त्याच्या हाती उरतो मोबाईलवरचा व्हिडिओ. दीक्षा ॲप आहे, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत; चांगलेच आहे. पण आपल्या पोरांनी फक्त पाहायचेच का?

आम्ही नांदेडच्या एका वस्तीत, विहारात अभ्यासिका चालवतो. दहावीतली एक मुलगी म्हणाली, "प्रयोग सर करतात, आम्ही लांबून बघतो. काच फुटेल म्हणून हात लावू देत नाहीत." हात लावू नका, हे शब्द आपल्या समाजाला नवे नाहीत. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क बजावला. उपकरणाला स्पर्श करण्याचा हक्क त्याच रांगेतला आहे.

म्हणून आम्ही फायफॉक्स हे मोफत ॲप घेतले. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात ते तयार झाले. मोबाईलमधलेच सेन्सर वापरते, इंटरनेट नसतानाही चालते. त्यातले घड्याळ आवाजाने सुरू होते, आवाजाने थांबते. पट्टीच्या टोकावर गोटी ठेवून पट्टीला टोला मारायचा. गोटी जमिनीवर आपटली की वेळ मिळते. उंचीच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागले की गुरुत्व त्वरण ९.८ च्या जवळ यायला हवे. पोरांचे आले ११! लगेच पुस्तकातला आकडा लिहायला निघाली. आम्ही म्हटले, आकडा बदलू नका, चूक शोधा. शेवटी सापडली: जुन्या टेपचा सुरुवातीचा तुकडाच तुटलेला होता. परंपरा, ग्रंथ किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे बुद्धांनी कालामांना सांगितले. त्या संध्याकाळी पोरांनी ते करून पाहिले.

लातूरचे साथी याच ॲपने हादरे मोजायला शिकवतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे माणसांवर कोसळली. तो दैवी कोप नव्हता. वस्तुमान जास्त, तर हादऱ्यात बलही जास्त. हे पोरांना कळले पाहिजे.

मात्र मोबाईल हा प्रयोगशाळेला पर्याय नव्हे. आम्ल-आम्लारीचा प्रयोग ॲपमध्ये होत नाही. ॲप आहे ना, असे म्हणून कुणी प्रयोगशाळेला कुलूप लावत असेल, तर ते चालू देऊ नका. मित्रांनो, पुढच्या पालकसभेत एवढेच विचारा: यंदा आमच्या लेकराने स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले?

जय भीम!